व्हरांड्यातला विषय

मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते बँकेत. पासबुक छापायच्या मशीनसमोर रांग होती आणि रांगेच्या बाजूला, भिंतीला टेकून, साठीला आलेल्या एक बाई प्लॅस्टिकच्या लाल स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर वही, कानामागे पेन. गार्ड त्यांना समजावत होता, "मैडम, आपका काम हो गया ना? तो जाइए." त्या म्हणाल्या, "मेरा काम चल रहा है." काम काय, तर पाहणं. रांगेतला कोण पासबुक स्वतः मशीनमध्ये घालतो, कोण मागच्याच्या हातात देतो, मशीनने ते बाहेर फेकलं की कोण मशीनवर चिडतो आणि कोण स्वतःच ओशाळतो, हे सगळं त्या लिहून घेत होत्या. माझं पासबुक दोनदा बाहेर आलं. मी इकडेतिकडे पाहून उगीच हसलो. त्यांनी तेही लिहिलं.

चार दिवसांनी मी हिंदी मुलखातल्या बालाघाटच्या कॉलेजात संगणकाचा अतिथी विद्वान म्हणून रुजू झालो. अतिथी विद्वान म्हणजे दरवर्षी नव्याने नेमला जाणारा मास्तर. नाव भारी, खुर्ची हलकी. स्टाफरूममध्ये गेलो तर कोपऱ्यात तेच लाल स्टूल आणि त्यावर त्याच बाई.

"हसणारा तूच ना गा?" त्या म्हणाल्या. "दोनदा पासबुक वापस आलं तो?"

त्या समाजशास्त्र शिकवायच्या. राजेगावहून रोज बसने यायच्या, संध्याकाळी गोंदियाच्या गाडीने परत. स्टूल बसच्या टपावर. कंडक्टर बदलला की नव्याशी एकदा भांडण व्हायचं, मग तो स्वतःच स्टूल वर चढवायला लागायचा. मला त्या चारचौघांत 'सर' म्हणायच्या, पण त्या 'सर'नंतर तू यायचा. "सर, तू बस." "सर, तुले समजलं नाही." हे ऐकून विद्यार्थी हसायचे. वर्षभरात मलाही त्याची इतकी सवय झाली की कोणी नुसतं 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटायचं.

त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन होता. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या नव्हत्या. प्राचार्यांनी दोनदा सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "मले निरोप द्याचा असन तं माणूस येऊन सांगन." आणि गंमत अशी की ग्रुपवरची प्रत्येक गोष्ट त्यांना आमच्याआधी कळायची, कारण प्रत्येक जण त्यांना येऊन सांगायचा, आणि ग्रुपवर जे लिहिता येत नाही तेही सांगून जायचा.

ज्या बाईला स्वतःला प्रोजेक्टर लावता येत नव्हता, तिला संगणकाविषयी इतकं कुतूहल कशाचं, हे मला सुरुवातीला उमगेना. मी एकदा विचारलं. त्या डबा खात होत्या. घास थांबवून म्हणाल्या, "मशीनीचं काय पाह्यचं गा? मशीन तं सगळीकडे सारखीच. तिच्यापुढं जो उभा आहे त्याले पाह्य."

त्यांचे वडील मँगनीजच्या खाणीवर हजेरी लिहायचे. लहानपणी त्या डबा घेऊन जायच्या आणि वडिलांच्या टेबलाशेजारी बसून राहायच्या. एखाद्या मजुराचं नाव रजिस्टरात राहून गेलं, तर तो समोर घामाघूम उभा असला तरी गैरहजर. वडील त्याला म्हणायचे, "तू आहेस, मला दिसतोस, पण रजिस्टरात नाहीस." हे वाक्य त्या मुलीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. पुढे रजिस्टर जाऊन संगणक आला, तेव्हा साऱ्या गावाने नवं काही आलं म्हणून पाहिलं. मॅडमना त्यात वडिलांचं टेबल दिसलं.

त्यांच्या वहीत चार रकाने असत. काय म्हटलं, कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं, आणि खरं काय होतं. मी आलो त्या वर्षी त्यांचा अभ्यास एकाच वाक्यावर चालला होता: 'सर्वर डाउन है.' शहरात जेवढ्या म्हणून कचेऱ्या, दुकानं, खिडक्या होत्या, तिथे त्या स्टूल टाकून बसल्या होत्या. हे वाक्य कोण कोणाला म्हणतं? निष्कर्ष त्यांनी मला एका दुपारी चहाच्या टपरीवर सांगितला.

"हे वाक्य खालून वर जातच नाही, सर. मोठ्या साहेबाले कोणी म्हणत नाही सर्वर डाउन आहे म्हणून. त्याचं काम होते. हे फक्त वरून खाली येते."

"म्हणजे लोक खोटं बोलतात?"

"कधी कधी. आधी म्हणत, साहेब दौऱ्यावर आहेत. मंग म्हणत, फाइल वर गेली. आता हे." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण एक बाबू आहे, मी तीन दिवस त्याच्यापाशी बसली. तो खोटारडा नाही. त्याले एक दिवसाचं ट्रेनिंग देल्लं अन् खुर्चीवर बसवलं. त्याले येत नाही. अन् मले येत नाही, असं म्हणाची त्याले परवानगी नाही. मंग तो काय म्हणन बिचारा?"

मी संगणकात एम.एस्सी. केलं होतं. सर्व्हर म्हणजे काय हे मला पाठ होतं. पण ते वाक्य असं उलगडून कोणी दाखवलं नव्हतं. त्या रात्री घरी जाऊन मी इंटरनेटवर शोधाशोध केली. जगात दुसरं कोणी असलं काही करतं का? तर करत होतं. परदेशात काही दशकांपूर्वीच या विषयाला नाव मिळालं होतं: सोशल इन्फॉर्मेटिक्स. संगणक एकटा येत नाही, तो जिथे जातो तिथली माणसं, त्यांचे मान, त्यांच्या भीती, त्यांच्या सवयी यांच्यासकट तो कामाला लागतो. म्हणून एकच यंत्र एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी धूळ खातं, अशा अर्थाचं बरंच काही. मी वीसेक पानं छापून त्यांना दिली.

दोन दिवस त्यांनी ती बसमध्ये पेन्सिल घेऊन वाचली. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ठेवली. चेहरा विचित्र झाला होता, आनंदही आणि रुसवाही.

"मले वाटे मीच एक येडी आहो. हे तं गंज जण निघाले." मग पानांवर हात फिरवून म्हणाल्या, "आधी काहून नाही सांगतलं कोणी?"

त्या दिवसापासून त्यांनी ध्यास घेतला की आपल्या कॉलेजात हा विषय निदान एक वैकल्पिक पेपर म्हणून तरी सुरू व्हायला हवा. पहिली अडचण नावाची. प्रस्ताव हिंदीत द्यायचा होता आणि हिंदीत कोणीतरी सुचवलं, 'सामाजिक सूचना विज्ञान'. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. मॅडम मराठी घरातल्या. त्यांना हसू आवरेना. "सामाजिक सूचना म्हणजे काय, माहीत आहे ना? इथं थुंकू नये. रांगेत उभे राहा. आमच्या घरी सांगतलं तं भाऊ म्हणन, ताई आता बोर्ड लावत फिरून राह्यली." शेवटी इंग्रजी नावच देवनागरीत लिहिलं.

दुसरी अडचण खरी होती. बैठकीत आमच्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी प्रस्ताव उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, "इसमें कम्प्यूटर कहाँ है, मैडम?" समाजशास्त्राच्या प्रमुखांनी तोच कागद घेतला आणि म्हणाले, "और इसमें समाजशास्त्र कहाँ है?"

मॅडम उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, आप दोनों के विभाग के बीच में जो बरामदा है ना, जहाँ बच्चे फॉर्म लेके खड़े रहते हैं, वहाँ है."

सगळे हसले. प्रस्ताव बाजूला ठेवला गेला. पुढच्या शनिवारी मॅडमनी त्या व्हरांड्यात स्टूल टाकलं, एक जुना फळा भिंतीला टेकवला आणि बिननावाचा, बिनमार्कांचा तास सुरू केला. पहिल्या शनिवारी चार मुलं आली, त्यातली दोन पावसाने अडकलेली. नंतर वाढत गेली. मी डेटाबेस शिकवायचो आणि त्या विचारायच्या, "या रकान्यात बापाचं नाव लागतेच का? ज्याले बाप नाही तो काय लिहिन?" मुलं बोलायला लागायची. लालबर्ऱ्याच्या एका मुलाने सांगितलं की त्याच्या गावात निम्म्या लोकांचे मेसेज एकाच दुकानदाराच्या फोनवर येतात, कारण फॉर्म त्यानेच भरले. मॅडमनी त्याला फळ्यापाशी उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं.

त्यांचा एक नियम होता. आपण पाहायचं, मध्ये बोलायचं नाही. "आपण बोललो तं लोक आपल्यासाठी वागतात. मंग खरं दिसत नाही." हा नियम त्या कडक पाळायच्या. एकच प्रसंग सांगतो, ज्यात तो मोडला. माझ्यामुळे मोडला.

त्या वर्षी प्रवेशाच्या पोर्टलचं काम माझ्याकडे होतं. फेरीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेचारला, किरनापूरच्या पुढच्या एका खेड्यातून एक मुलगी आणि तिची आई आल्या. मुलीचं नाव रोशनी. गुणपत्रिकेवर तिच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं. ते दुरुस्त करायचं म्हणजे आधी अर्ज नाकारायचा, मग नवं शपथपत्र चढवायचं, मग वरून मंजुरीची वाट पाहायची, तासभर तरी. मी सकाळपासून उपाशी होतो. डोळे दुखत होते. तारीख दरवर्षी वाढायची, यंदाही वाढेल असं मी गृहीत धरलं. आणि म्हणालो, "सर्वर डाउन है. दो-तीन दिन में आना."

आई म्हणाली, "हौ जी," आणि दोघी गेल्या.

तारीख वाढली नाही.

तीन दिवसांनी यादी लागली. त्या दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "वाच."

पहिल्या रकान्यात ते वाक्य होतं. कोणी म्हटलं: सर. कोणाला: रोशनी, आईसोबत, पायात भाताच्या बांधीचा चिखल. खरं काय होतं: 'शेजारच्या खिडकीवर त्याच वेळी दोन अर्ज गेले.'

मला शरमेच्या आधी राग आला. मी म्हणालो, "तुम्ही तिथेच बसला होतात. तुम्हाला दिसत होतं. मग तेव्हाच का नाही बोललात? मला टोकायचं होतं. तिला थांबवायचं होतं."

मॅडम समोरच्या खुर्चीवर बसल्या, कानामागचं पेन काढलं आणि त्याच ओळीखाली लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'पाहणारी: चूप बसली.' पुढे स्वतःचं नाव.

"खरं आहे तुह्यं," त्या म्हणाल्या. "मी अभ्यास करून राह्यलती, अन् पोरगी पायरी उतरून गेली. उद्या सकाळच्या बसनं चाल."

किरनापूरला उतरून आम्ही पुढे रिक्षाने गेलो, मग शेतांच्या धुऱ्याने चालत. भाताच्या रोवणीचे दिवस होते. रोशनी आणि तिची आई आठदहा बायांबरोबर बांधीत वाकून रोपं लावत होत्या. मॅडमनी चपला काढल्या, पातळ खोचलं आणि सरळ चिखलात उतरल्या. मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागे गेलो.

आईने ओळखलं. कंबर सरळ करून म्हणाली, "अगो, तुम्ही काहून आले इतक्या दूर? सर्वर डाउन होता ना जी. तुमचा काय दोष."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. हे सांगणं त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

मी म्हणालो, "सर्व्हर चालू होता. काम वेळखाऊ होतं, मी थकलो होतो, म्हणून तसं सांगितलं."

बांधीतल्या सगळ्या बाया थांबल्या. फक्त रोशनी थांबली नाही. ती रोपं लावत राहिली, एकेक, ओळीत. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मंग तसं सांगाचं ना, बाप्पा. आम्ही बसलो असतो पायरीवर. आमची गाडी सात वाजताची होती."

मॅडम म्हणाल्या, "माय, माही बी चूक आहे. मले दिसत होतं."

कॉलेज पातळीवरची आणखी एक फेरी आठवडाभरात उघडणार होती. मॅडमनी ते समजावून सांगितलं, कोणता कागद कुठून आणायचा तेही. त्या फेरीच्या पहिल्या दिवशी त्या स्वतः फाटकापाशी उभ्या होत्या. पण रोशनीला हवं होतं बी.एस्सी., जीवशास्त्र, आणि त्या जागा भरून गेल्या होत्या. तिला बी.ए. मिळालं. मॅडम विज्ञानाच्या विभागात गेल्या, प्राचार्यांकडे गेल्या, विद्यापीठात फोन केला. त्या छोट्या फोनवर अर्धा तास उभ्याने बोलल्या. काही झालं नाही. रोशनी म्हणाली, "जाऊ द्या, मॅडम." मला काहीच म्हणाली नाही. पुढची दोन वर्षं ती व्हरांड्यातल्या तासाला दर शनिवारी आली, मॅडमशी बोलायची, हसायची. माझा प्रश्न आला की वहीत पाहायची.

त्यानंतर मॅडमचा नियम बदलला. लोकांना टोकत त्या पाहायला लागल्या. खिडकीवरच्या बाबूला म्हणायच्या, "तुले येत नाही ना? माह्या सरले बोलवू काय? तो शिकवन." आणि खरंच मला बोलवायच्या. किती कचेऱ्यांत मी त्यांच्या हुकमावरून गेलो आणि किती ओशाळ्या बाबूंच्या शेजारी बसून त्यांना शिकवलं, याचा हिशेब नाही. कामातली शिस्त बिघडली अशी त्यांची स्वतःचीच तक्रार होती. "आता माह्यं खरं दिसणं बंद झालं," म्हणायच्या. "पण राहू दे."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा प्रस्ताव तिसऱ्यांदा परत आलेला होता. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांना शाल दिली. त्यांनी शाल खांद्यावरून काढून घडी केली आणि भाषणात एवढंच म्हणाल्या की व्हरांड्यातला फळा कोणी हलवू नका. फळा कोणी हलवला नाही. शनिवारचा तास मी चालू ठेवला. चौथा प्रस्ताव मी लिहिला. त्यात मी रोशनीचं नाव न घालता तो प्रसंग घातला, माझी चूक माझ्या शब्दांत लिहिली, आणि हा विषय का हवा त्याचं उत्तर म्हणून तेवढंच ठेवलं. मंजुरी आली. तिसऱ्या वर्षाला, वैकल्पिक, संगणक विभागाखाली. शिकवणार म्हणून माझं नाव.

ते पत्र घेऊन मी राजेगावला गेलो. माझ्या नावाखाली बोट ठेवून म्हणालो, "मॅडम, इथे तुमचं नाव हवं होतं."

"माह्यं नाव पेन्शनच्या कागदावर आहे, बस झालं," त्या म्हणाल्या. पण पत्र त्यांनी दोनदा वाचलं, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

पहिल्या तासाला त्या आल्या. या वेळी खोली होती, बाकं होती. त्या शेवटच्या बाकावर बसल्या, विद्यार्थ्यांसारख्या. मी रात्रभर तयारी केली होती. विषय कुठे जन्मला, कसा वाढला, कोणत्या विभागांनी तो आधी नाकारला, सगळं सांगितलं. पन्नास मिनिटं मी थांबलो नाही. बाहेर आल्यावर उत्सुकतेने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. फक्त तूच बोलला, सर. पोट्टे चूप होते."

दुसऱ्या दिवशी मी कागद न घेता वर्गात गेलो. म्हणालो, आज मी बोलणार नाही. यंत्रापुढे उभं राहून तुमच्यावर काय गुदरलं ते तुम्ही सांगा. कोणी बोलेना. मी थांबलो. तिसऱ्या बाकावर रोशनी होती. तिने हा पेपर घेतला होता, का घेतला ते मी विचारलं नव्हतं. ती उठली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"सर, पहिले तुम्ही सांगा," ती म्हणाली.

मी टेबलाला टेकलो आणि सांगितलं. साडेचार वाजल्यापासून बांधीपर्यंत, काही न वगळता. मुलीचं नाव मी घेतलं नाही. मध्येच रोशनी म्हणाली, "ती मीच," आणि खाली बसली. मग मागून एक मुलगा म्हणाला, "सर, मेरे साथ भी हुआ है," आणि मग त्याच्या शेजारचा, मग पुढच्या बाकावरच्या दोघी एकदमच. घंटा झाली तेव्हा कोणी उठलं नाही.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. रोशनी काय म्हणाली तेही. पलीकडून नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ठेव आता. माह्या गॅसवर भात आहे."